भौतिक प्रगती शंभर टक्के

दासगाव एकेकाळी परदेशात होतं, हे मुंबई-गोवा महामार्गावरून जाणाऱ्या माणसाला सांगितलं तर तो गाडीची काच वर करून घेतो. त्याला दिसणारं दासगाव म्हणजे एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला खाडी, मधे रस्ता आणि रस्त्याच्या मधे कायम कसलं तरी काम. पण १७५६ च्या ऑक्टोबरात पुण्यात पेशवे आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात तह झाला. त्यात बाणकोटचा किल्ला आणि सावित्रीच्या खाडीकाठची काही गावं कंपनीला मिळाली, आणि त्यांत दासगावही गेलं. पाच मैलांवरचं महाड मात्र पेशव्यांकडेच राहिलं. म्हणजे पुढची ६२ वर्षं दासगावचा माणूस सकाळी महाडच्या बाजाराला निघाला की परराष्ट्रात जाऊन मिरच्या-कांदे घ्यायचा आणि दिवेलागणीला मायदेशी परतायचा. सासर महाडचं असलं तर आंतरराष्ट्रीय विवाह. हल्ली व्हिसासाठी मुलाखती देऊन रडकुंडीला आलेल्या आमच्या पोरांनी पूर्वजांचं हे सुख ऐकलं की ती हळहळतात.

कंपनीला बाणकोट कशाला हवं होतं? जहाजांना आत शिरायला चांगली खाडी हवी होती हे एक, आणि मुंबईतल्या गोऱ्या वस्तीला खाण्यासाठी गुरं हवी होती हे दुसरं. पेशव्यांच्या मुलखातून ती मिळण्याची मारामार, बाणकोटकडून सोय होण्यासारखी होती. साम्राज्याचा पाया पुस्तकात तलवारीने घातलेला असतो. प्रत्यक्षात त्याची पहिली मागणी भटारखान्यातून आलेली असते.

ही सगळी उजळणी झाली माझ्या भाच्यामुळे. तो जर्मनीत आखेनला असतो. आखेन हे गाव असं, की सकाळी पाव आणायला निघालेला माणूस दोन वळणं जास्त घेऊन बसला तर हॉलंडात पोचतो आणि परतताना रस्ता विसरला तर बेल्जियममधून येतो. सीमेच्या तिन्ही बाजूंच्या नगरपालिका, विद्यापीठं, अग्निशमन दलं मिळून तिथे काही ना काही प्रकल्प करत असतात आणि त्याला पैसा युरोपीय संघ देतो. कार्यक्रमाचं नाव इंटररेग, १९९० पासून तो चालू आहे. भाचा त्यात पूल बांधत नाही, रस्ता करत नाही, झाडंही लावत नाही. तो मोजतो. दोन देशांतल्या लोकांनी सरकारी पैशावर एकमेकांशी किती सहकार्य केलं, याचं तो मोजमाप करतो आणि त्याचा त्याला पगार मिळतो.

मे महिन्यात तो घरी आला तेव्हा पडवीत आम्ही तिघं होतो. मी, भाचा आणि शेजारचे गुरुजी. गुरुजींनी जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्मभर गणित आणि इतिहास दोन्ही शिकवलं. त्यामुळे सनावळ्या त्यांना पाठ आहेत आणि हिशेब ते तोंडी करतात. चौथी माझी बायको. ती आत फणस फोडत होती, पण कान पडवीत होते.

“सहकार्य मोजतात कसं रे?” आतून प्रश्न आला. “पायलीनं की शेरानं?”

“मामी, फार सोपं आहे,” भाचा म्हणाला. “प्रत्येक गोष्टीला कोड असतो. आरसीओ ८७ म्हणजे सीमेपलीकडे सहकार्य करणाऱ्या संस्था. त्या मोजायच्या. आरसीओ ८१ म्हणजे संयुक्त उपक्रमांतला सहभाग. तो हजेरीपटावरून मोजायचा. आरसीओ ११५ म्हणजे मिळून घेतलेले जाहीर कार्यक्रम.”

“आणि सहकार्य?”

“तेच तर मोजतोय.”

गुरुजींना हजेरीपट हा शब्द ऐकून भरून आलं. युरोप म्हणजे काहीतरी निराळं असेल अशी त्यांची समजूत होती, आणि तिथेही शेवटी रेघा मारलेला कागद फिरतो, पेन मागच्या रांगेत हरवतं आणि संयोजक जेवणाआधी सह्या पुऱ्या करून घेतो, हे कळल्यावर त्यांना तो खंड एकदम जवळचा वाटायला लागला. आमच्याकडे एक गृहस्थ आहेत. त्यांनी शेळीपालन, मधमाशीपालन, गांडूळखत, आपत्ती व्यवस्थापन आणि महिला सक्षमीकरण अशी पाचही प्रशिक्षणं पुरी केली आहेत. घरी शेळी नाही, मधमाशी चावली तर आरडाओरडा करतात, आणि घरातली महिला आधीपासूनच इतकी सक्षम आहे की त्यांना शिबिराच्या निमित्ताने बाहेर पडणं बरं वाटतं. हे त्याला सांगितलं तर भाचा शांतपणे म्हणाला, “तिकडे त्यांचे पाच धरतील. आम्ही सहभाग मोजतो, माणसं नाही.”

मग त्याने उत्पादन आणि परिणाम यांतला फरक समजावला. प्रकल्पाने काय काय केलं ते उत्पादन, त्यामुळे काय बदललं तो परिणाम. बैठक झाली हे उत्पादन. बैठकीनंतर दोघं एकमेकांशी बोलायला लागले तर तो परिणाम. उत्पादन मोजताना सुरुवात शून्यापासून धरायची असते, म्हणजे प्रकल्प येण्याआधी त्या सीमेवर कुणी कुणाचं तोंडसुद्धा पाहत नव्हतं असं मानून चालायचं. परिणामांतला एक कोड मात्र त्याच्या मते खरोखर अवघड होता. आरसीआर ८४, प्रकल्प संपल्यानंतरही एकमेकांशी सहकार्य करत राहिलेल्या संस्था.

“पैसे संपल्यावर कोण कुणाला फोन करतो, गुरुजी?”

“आणि हा आकडा घेता कधी?”

“साधारण वर्षभरात.”

“वर्षभर म्हणजे फारच घाई झाली,” गुरुजी म्हणाले. “तुझा फॉर्म आण बघू. एक जुना प्रकल्प भरायचा राहिलाय.”

प्रकल्पाचं नाव पडलं ‘तुळाजी आंग्रे बंदोबस्त (संयुक्त)’. कालावधी मार्च १७५५ ते ऑक्टोबर १७५६. भागीदार एक, नानासाहेब पेशवे, पुणे. भागीदार दोन, ईस्ट इंडिया कंपनी, मुंबई. उद्दिष्ट असं की पश्चिम किनाऱ्यावर दोघांनाही न जुमानणारा जो आंग्रे आहे, त्याचं आरमार मोडून काढायचं. आता तुळाजी आंग्रे काही परका नव्हता. शिवाजी महाराजांच्या काळापासून उभं राहिलेलं आणि कान्होजींनी नावारूपाला आणलेलं मराठ्यांचं आरमार ते हेच. पण तुळाजीचं पेशव्यांशी पटेना, तो चौथाई-बिथाई काही ऐकेना आणि कंपनीची गलबतं तर तो दिसली की धरायचा. तेव्हा स्वतःचा सरखेल वठणीवर आणायला शेजारच्या संस्थेची मदत घ्यावी, असं पुण्यात ठरलं. भावाभावांच्या भांडणात तिऱ्हाईत मध्यस्थ बोलावला की तो पहिल्यांदा बांधाची मोजणी करून घेतो, हे कोकणात पोरालाही माहीत असतं. पण पुणं घाटावर.

भाच्याने लेखणी सरसावली. “मुख्य भागीदार कोण? आमच्याकडे एक मुख्य भागीदार असावाच लागतो. पैशाची जबाबदारी त्याची.”

इथेच अडलं. मराठ्यांच्या बाजूने कोकणचे सरसुभेदार रामाजी महादेव होते. इंग्रजांच्या बाजूने आधी कमोडोर विल्यम जेम्स आणि दुसऱ्या वर्षी ॲडमिरल वॉटसन व कर्नल क्लाइव्ह. समुद्रावरचा हुकूम इंग्रजांचा, किल्ले मिळायचे पेशव्यांना. “मग वॉटसन तर राजाच्या आरमाराचा,” भाचा म्हणाला. “कंपनीचा नव्हे. म्हणजे संस्था तीन होतात.” त्याचा चेहरा उजळला. आरसीओ ८७ मध्ये तीनचा आकडा लिहिताना त्याच्या हाताला जी लय आली, ती पाहून मला त्याच्या नोकरीबद्दल प्रथमच आदर वाटला.

आरसीओ ११५, मिळून घेतलेले जाहीर कार्यक्रम. पहिला कार्यक्रम सुवर्णदुर्गावर, एप्रिल १७५५. तोफांचा मारा जेम्सने केला. मराठ्यांची गलबतं सोबत होती, पण तोफेच्या टप्प्याबाहेर. “मग याला संयुक्त म्हणता येईल का?” भाच्याला प्रश्न पडला. गुरुजी म्हणाले, “हजेरीपटावर सही आहे ना? मग झालं. सगळ्याच कार्यक्रमांना मागच्या रांगेत बसणारे असतात.” दुसरा कार्यक्रम विजयदुर्ग, फेब्रुवारी १७५६. तिथे तर उत्पादनांचा पाऊस पडला. किल्ला एक, ताब्यात. आंग्र्यांचं आरमार, संपूर्ण, जळून खाक. आग लागली ती ‘रिस्टोरेशन’ नावाच्या जहाजावर तोफेचा गोळा पडून, आणि हे जहाज मुळात कंपनीचंच. आंग्र्यांनी ते पूर्वी पकडलेलं होतं. म्हणजे कंपनीने स्वतःचं जहाज पेटवून त्यावरून मित्राच्या घरचं आरमार जाळलं. इतकं काटकसरीचं काम हल्लीच्या निविदांमध्ये सापडत नाही.

पैशाचा रकाना मात्र आम्हाला फार आवडला. मोहिमेवर निघण्याआधीच, किल्ला अजून डोळ्यांनी पाहिलेला नसताना, इंग्रज अधिकाऱ्यांनी मुंबईत बसून लुटीची वाटणी ठरवली होती. ॲडमिरलला किती, कर्नलला किती, कुणाचा हुद्दा कुणाच्या बरोबरीचा, यावरून कुरबूरही झाली. वॉटसनने क्लाइव्हला स्वतःच्या हिश्शातून फरक भरून देऊ केला आणि क्लाइव्हने तो नाकारला, असा सगळा खानदानी मामला. किल्ल्यात सुमारे दहा लाख रुपये सापडले. ते ठरल्याप्रमाणे वाटले गेले. मराठ्यांना त्यातला रुपयाही मिळाला नाही. एवढंच काय, विजयदुर्गसुद्धा कंपनीने लगेच सोडला नाही. ऑक्टोबरात तह होऊन बाणकोट आणि गावं पक्की पदरात पडल्यावर तो पेशव्यांच्या हवाली झाला. आर्थिक प्रगती शंभर टक्के, भौतिक प्रगती शंभर टक्के, आणि उपयोगिता प्रमाणपत्रावर ज्याने खर्च केला त्याचीच सही.

“आता तुझा तो शेवटचा कोड,” गुरुजी म्हणाले. “प्रकल्प संपल्यावर सहकार्य करत राहिलेल्या संस्था. पण वर्षभरात नको. जरा दमाने घेऊ. १८१८ साली घेऊ.”

१८१८ च्या मे महिन्यात रायगड इंग्रजांच्या हाती गेला आणि जूनमध्ये दुसरा बाजीराव शरण आला. भाच्याने रकान्यावर लेखणी धरली, जरा वेळ थांबला आणि लिहिलं, ‘शिल्लक संस्था : १’. शेऱ्यात गुरुजींनी भर घातली, ‘सहकार्य अखेरपर्यंत चालू होते.’ दासगावचा परदेश तेव्हा संपला, कारण महाडही त्याच परदेशात गेलं. कुठलाही प्रकल्प-अधिकारी याला सीमा-निर्मूलन म्हणून नोंदवेल आणि वरच्या कार्यालयाला कौतुकाचं पत्र पाठवायला सांगेल.

या सबंध मोहिमेत एक गोष्ट कुणी मोजली नाही. किनाऱ्यावर पुढच्या वेळी परकं जहाज आलं तर त्याला अडवायला आपलं काय उरलं, ही ती गोष्ट. ती मोजायला रकानाच नव्हता, आणि रकाना नव्हता कारण प्रकल्पाचं ते उद्दिष्टच नव्हतं. उद्दिष्ट आंग्रे होता. तो मोजून पुरा झाला. पकडून नेल्यावर तो हयातभर मराठ्यांच्या किल्ल्यांमधून कैदेत राहिला, त्याचाही चोख हिशेब सापडेल.

भाच्याला वाटलं आम्ही त्याच्या युरोपाची थट्टा करतोय. तसं काही नव्हतं. मोजमापाच्या बाबतीत आम्ही कुणाला हसावं असे नाहीच. आमच्याकडे काम होवो न होवो, मोजमाप पुस्तिका भरलेली असते. मासिक अहवालात ज्या रकान्यात काहीच घडलेलं नसतं तिथे शून्य लिहीत नाहीत, ‘निरंक’ लिहितात. शून्य कसं उघडं पडतं, निरंकला शालजोडी आहे. मार्चअखेरीला तर निरंकसुद्धा भराभर भरून निघतो. रस्त्याकडेच्या गटारात मार्चच्या शेवटच्या आठवड्यात जेवढं सिमेंट ओतलं जातं तेवढं उरलेल्या अकरा महिन्यांत मिळून ओतलं जात नसेल.

आणि पाण्याचं मोजमाप तर आमचं जगावेगळं. दोन राज्यांचा मिळून प्रकल्प पाहायचा तर दक्षिणेला तिलारी आहे. गोवा आणि महाराष्ट्र यांचा करार १९९० चा, खर्चाचा बोजा गोव्याकडे ७३ टक्क्यांच्या वर, बाकी आपल्याकडे. धरणावर पहिला आकडा लिहिला जातो तो ‘निर्मित सिंचन क्षमता’ या नावाचा. म्हणजे एवढी जमीन भिजू शकते. प्रत्यक्ष किती भिजली हा निराळा आकडा, निराळ्या पानावर, बारीक टायपात. हे दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवले की काय होतं ते महाराष्ट्राने २०१२ साली पाहिलं. राज्याच्या आर्थिक पाहणी अहवालात दशकभरात सिंचनाखालचं क्षेत्र अवघं ०.१ टक्क्याने वाढल्याचं छापून आलं आणि त्या दशांश चिन्हाने वर्षभर मंत्रालय हलवलं. तेव्हापासून दोन्ही आकडे एकाच पानावर येऊ नयेत याची काळजी घेतली जाते, असं गुरुजींचं निरीक्षण आहे. मी त्याला दुजोरा देत नाही, पण नाकारतही नाही.

दासगावच्या वाट्याला असा दुसरा संयुक्त प्रकल्प आला तो कोकण रेल्वेचा. १९९० साली महामंडळ स्थापन झालं. भागभांडवल केंद्राचं ५१ टक्के, महाराष्ट्राचं २२, कर्नाटकाचं १५, गोवा आणि केरळ प्रत्येकी ६. पाच सरकारांनी एकत्र येऊन वेळेच्या जवळपास काहीतरी पुरं केलं, याचं आपल्या देशात हे दुर्मीळ उदाहरण. १९९८ च्या जानेवारीत सबंध मार्गावर गाडी सुरू झाली. रोह्यापासून सुमारे ७४० किलोमीटर, नव्वदीच्या वर बोगदे, लहानमोठे मिळून जवळपास दोन हजार पूल. या आकड्यांचा आम्हाला खराच अभिमान आहे. मुंबईचा चाकरमानी गणपतीला ज्या गाडीत लोंबकळत येतो ती गाडी आहे म्हणून तरी लोंबकळता येतं.

आमची तक्रार पुलांच्या संख्येबद्दल नाही. जिथे पूल नाही, भराव आहे, त्या जागेबद्दल आहे. दासगावजवळ खाडीच्या पट्ट्यातून रूळ नेताना मातीचा भराव घातला. रुळाला तो उत्तम. पण सावित्री, काळ आणि गांधारी या तीन नद्यांचं पाणी महाडपाशी एकत्र येतं, ते खाली दासगावकडे उतरतं आणि त्याच वेळी खालून भरती वर चढत असते. महाडात साध्या पावसाळ्यातसुद्धा लोक ढगांइतकंच भरतीचं वेळापत्रक बघतात ते यामुळे. या दोघांच्या मधे भराव. त्यात मोऱ्या वाढवा, पाण्याला वाट द्या, ही महाडकरांची मागणी वर्षानुवर्षांची आहे. रेल्वेच्या हिशेबात किलोमीटर आहेत, बोगदे आहेत, प्रवासी आहेत, टनावारी माल आहे. अडलेलं पाणी किती, याचा रकाना नाही, कारण पाच भागीदारांपैकी कुणीच ते पाणी भागभांडवल म्हणून आणलेलं नव्हतं.

इथे भाचा गप्प झाला. जुलै २०२१ च्या मध्याला आखेनच्या परिसरात महापूर आला होता. जर्मनी, बेल्जियम, हॉलंड, तिन्हीकडे. सीमेवरच्या लहानशा नद्यांनी, ज्यांच्या काठी एरवी लोक रविवारी सायकली घेऊन जातात, गावंच्या गावं धुऊन नेली, दोनशेवर माणसं गेली. त्यानंतर आठवड्याभरात, २२ आणि २३ जुलैला, महाबळेश्वरला एका दिवसात जवळपास ६०० मिलिमीटर पाऊस पडला आणि महाड पहिल्या मजल्यापर्यंत पाण्यात गेलं. तळियेच्या दरडीची बातमी आली तेव्हा तर पुराचं कुणाला काही वाटेनासं झालं. त्या पंधरवड्यात आम्ही त्याची खुशाली विचारत होतो आणि तो आमची, आणि फोन दोन्हीकडचे बंद.

“तिकडे वरच्या देशातलं पाणी खालच्या देशाला कधी कळवायचं, यावर आता प्रकल्प आहेत,” तो म्हणाला.

“आमच्याकडे देश नाहीत, जिल्हे आहेत,” गुरुजी म्हणाले. सावित्री उगवते महाबळेश्वरला, म्हणजे सातारा जिल्हा. पोलादपूर, महाड, दासगाव करत येते, म्हणजे रायगड. पुढे आंबेत-म्हाप्रळपासून एक काठ रायगडचा, एक रत्नागिरीचा. पाऊस साताऱ्याच्या पर्जन्यमापकात मोजला जातो, पूर महाडच्या पाणीपातळीच्या खुणेवर, आणि भरती बाणकोटच्या तोंडाशी. तिन्ही आकडे अचूक असतात. अडचण एवढीच की नदी एक आहे.

पुरानंतर गाळ काढायचं ठरलं, आणि तेही काम जोरात झालं. गाळ घनमीटरमध्ये मोजतात. नदीतून यंत्राने काढला, डंपरमध्ये भरला, फेऱ्या मोजल्या, गुणाकार केला, झालं. हे मोजमाप मला मनापासून आवडतं, कारण त्याच्यात हजेरीपट नाही आणि डंपरला भाषण येत नाही. पण काढलेला गाळच तेवढा मोजतात. पुढच्या पावसाळ्यात डोंगरावरून परत किती आला त्याच्या फेऱ्या कोण मोजणार? तो स्वतःच्या पायाने येतो, त्याला डंपर लागत नाही आणि म्हणून त्याचं बिलही निघत नाही. काठावर टाकलेला काही गाळ तर पहिल्याच मुसळधारेत पुन्हा नदीत उतरतो आणि दुसऱ्या वर्षी नव्याने घनमीटर होतो. भाच्याने विचारलं, एकच वस्तू दोनदा मोजू नये असा नियम तुमच्याकडे नाही का? मी म्हटलं, नियम आहे, पण गाळाला ओळखपत्र नसतं.

गुरुजींना मधेच एक जुनी गोष्ट आठवली. दासगाव हे बंदर होतं. मोठ्या होड्या इथवर यायच्या, पुढे महाडला जायचं तर भरतीच्या पाण्यावर लहान पडाव, नाहीतर पायी. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या दुसऱ्या परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि मुंबईचे प्रतिनिधी बोटीने याच धक्क्यावर उतरले आणि इथून महाडपर्यंत चालत गेले. “त्या दिवशीची बंदराची नोंद कशी असेल?” गुरुजींनी भाच्याला विचारलं. “आलेले उतारू अमुक, सामान अमुक, जकात बहुधा निरंक.” त्याच दिवशी रात्री महाडात मनुस्मृती जाळली गेली. भाच्याने याला कुठला कोड लावायचा ते सांगितलं नाही. विचारायचं धाडस आम्हीही केलं नाही.

फणसाचे गरे एव्हाना पडवीत आले होते. बायकोने भाच्याचा फॉर्म उचलून उलटसुलट पाहिला आणि विचारलं, “यात जेवणाचा खर्च कुठे लिहितात?” तो म्हणाला, त्यासाठी वेगळं पत्रक असतं, पावत्यांसकट. “मग ते खरं पत्रक,” ती म्हणाली, “उरलेलं तुम्ही आपापसात भरा.” लेखापरीक्षक याहून फार वेगळं बोलत नाहीत, असं भाचा नंतर खासगीत म्हणाला.

जाण्याआधी त्याला बाणकोट पाहायचं होतं. आंग्र्यांचं आरमार मोडण्याच्या बदल्यात जे गेलं ते निदान डोळ्यांनी पाहावं, म्हणाला. हरिहरेश्वरावरून बागमांडल्याला गेलो. तिथून समोर वेश्वी, तो रत्नागिरी जिल्हा, आणि वेश्वीच्या पलीकडे बाणकोट. मधे खाडी. खाडीत पुलाचे खांब बरीच वर्षं अर्धवट उभे आहेत. खांबांवर रस्ता नाही, त्यामुळे भौतिक प्रगतीत त्यांचे टक्के धरत असतील, पण वरून जाता मात्र येत नाही. माणसं, दुचाक्या, मोटारी, आंब्यांच्या पेट्या, एखादी वरात, सगळं जंगलजेट्टीच्या फेरीबोटीतून पलीकडे जातं.

तिकीट फाडणाऱ्या पोराकडे भाचा फार कौतुकाने बघत होता. माणसी इतके, दुचाकी इतके, चारचाकी इतके, पोरगं भराभर मोजत होतं आणि एकही सही न घेता. दोन जिल्ह्यांमधलं इतकं नेमकं, रोजच्या रोजचं मोजमाप त्याने बहुधा आखेनमध्येही पाहिलं नसेल. न राहवून त्याने विचारलं, “दादा, यातले परत किती येतात, त्याची नोंद ठेवता का?”

पोराने सुट्टे पैसे परत देत त्याच्याकडे जरा कीव केल्यासारखं पाहिलं.

“सगळेच येतात,” तो म्हणाला. “पूल कुठाय?”